वॉल्डनकाठचा हिशेबी माणूस : हेन्री डेव्हिड थोरो

दुर्गाबाई भागवत यांचा जन्म आपल्या इंदूरचा, १९१० सालचा. ही गोष्ट आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांची ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ ही पुस्तके आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. पण त्यांनी मराठीत आणलेले एक पुस्तक मात्र कपाटात मागेच राहून जाते. ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हे त्याचे नाव. मूळ पुस्तक अमेरिकेतले आणि त्याचा लेखक हेन्री डेव्हिड थोरो. दुर्गाबाईंना हा लेखक फार जवळचा वाटे. तो का, हे त्याचे आयुष्य समजून घेतले की कळते. म्हणून हा चरित्रपरिचय.

थोरोबद्दल आपल्याकडे एक ढोबळ समजूत आहे. जगाला कंटाळून जंगलात झोपडी बांधून राहिलेला, आपल्याकडच्या बैराग्यासारखा कोणी एक गोरा माणूस, अशी ती समजूत. प्रत्यक्षात तो बैरागी नव्हता. तो पेन्सिली बनवणारा, जमिनी मोजणारा आणि खर्चाची पैन्‌पै लिहून ठेवणारा अत्यंत हिशेबी माणूस होता. यंत्रयुगाच्या धावपळीत माणूस आतून रिकामा होत चालला आहे, ही तक्रार त्या काळात अनेक विचारवंतांनी केली. थोरोने त्या तक्रारीचा हिशेब मांडून दाखवला, आणि तोही स्वतःच्या आयुष्यावर.

पेन्सिलवाल्यांचे घर

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड या गावी झाला. बॉस्टन शहरापासून हे गाव सुमारे तीस किलोमीटरवर आहे. त्याचे पाळण्यातले नाव डेव्हिड हेन्री. पुढे त्याने स्वतःच नावांचा क्रम बदलून हेन्री डेव्हिड असा केला. हेलन आणि जॉन ही थोरली भावंडे, सोफिया धाकटी. वडिलांनी बऱ्याच खटपटी करून शेवटी पेन्सिलींचा छोटा कारखाना घातला. आई सिंथिया घरात भाडेकरू ठेवून संसाराला हातभार लावी. गुलामगिरीविरोधी कामात घरातल्या बायका पुढे होत्या. दक्षिणेकडून पळून आलेल्या गुलामांना त्या घराचे दार उघडे असे. थोरोच्या विचारांचे मूळ पुस्तकांत शोधले जाते, पण त्याचा मोठा वाटा या घरातच होता.

१८३७ साली तो हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडला आणि गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागला. ही नोकरी जेमतेम दोन आठवडे टिकली. मुलांना छडी मारत नाही, म्हणून वरिष्ठांनी हटकले. त्याने एका दिवशी काही मुलांना विनाकारण मारून पाहिले आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. तो काळ अमेरिकेत मंदीचा होता, नोकऱ्या मिळत नव्हत्या. तरीही मनाला न पटणारे काम सोडण्याचे धाडस विशीतल्या या तरुणाने दाखवले. मारलेल्या मुलांवर मात्र त्या दिवशी अन्यायच झाला, हेही नोंदवायला हवे.

पुढे मोठा भाऊ जॉन आणि त्याने मिळून स्वतःची शाळा चालवली. तिथे छडी नव्हती. मुलांना रानात आणि नदीकाठी नेऊन शिकवले जाई. दोघा भावांचे अतिशय सख्य होते. १८३९ मध्ये स्वतः बांधलेल्या होडीतून दोघांनी कॉन्कर्ड आणि मेरिमॅक या नद्यांचा प्रवास केला. पण जॉनची प्रकृती ढासळली आणि १८४१ साली शाळा बंद झाली. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याला धार लावताना जॉनच्या बोटाला बारीकशी जखम झाली, तिचा धनुर्वात झाला आणि काही दिवसांत तो हेन्रीच्या मिठीत गेला. या धक्क्याने हेन्री इतका खचला की, जखम नसतानाही त्याच्या शरीरात तीच लक्षणे दिसू लागली. तो वाचला, पण त्या प्रवासाचे पुस्तक लिहून भावाचे ऋण फेडायचे, हे त्याच्या मनाने घेतले.

जंगल जाळणारा

याच काळात ज्येष्ठ विचारवंत राल्फ वाल्डो एमर्सन यांचा त्याला आधार मिळाला. ते कॉन्कर्डलाच राहत. थोरो त्यांच्या घरी राहून सुतारकाम, बागकाम करी आणि त्यांच्या ग्रंथसंग्रहात बुडून जाई. घरच्या कारखान्यातही त्याचे लक्ष असे. शिशाची भुकटी अधिक बारीक दळून तिच्यात चिकणमाती मिसळण्याची पद्धत त्याने बसवली आणि थोरोंच्या पेन्सिली अमेरिकेतल्या उत्तम पेन्सिलींत गणल्या जाऊ लागल्या. मनावर घेतले असते तर तो पैसेवाला कारखानदार होऊ शकला असता.

पण गावात त्याचे नाव वेगळ्याच कारणाने गाजले. १८४४ च्या एप्रिलमध्ये तो आणि एक मित्र नदीवर मासे पकडायला गेले. मासे शिजवण्यासाठी पेटवलेली शेकोटी वाळलेल्या गवताला लागली आणि सुमारे तीनशे एकर रान जळून गेले. निसर्गाचा पूजक म्हणून आज जग ज्याला ओळखते, त्याला गावकरी कित्येक वर्षे रान जाळणारा म्हणून हिणवत. वर्षभराने तो झाडांच्या सोबतीला राहायला गेला, तेव्हा ही आठवण त्याच्या मनात नसेल असे वाटत नाही.

त्याच १८४४ साली आगगाडी कॉन्कर्डला पोहोचली. रूळ वॉल्डन तळ्याच्या अगदी कडेने गेले. आसपासच्या गावांत कापड गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांना लागणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून येई. शेतकरी कर्ज काढून मोठी घरे बांधत आणि उरलेले आयुष्य ते फेडण्यात घालवत. भोंग्यावर चालणारे आयुष्य कसे असते, हे आपल्या इंदूरच्या जुन्या गिरणी भागातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. घड्याळ, भोंगा आणि बाजारभाव यांनी माणसाचा दिवस ताब्यात घेतला होता. लोक सुखी दिसत होते, पण थोरोला ते दमलेले वाटत. ज्यासाठी ते एवढे दमतात, त्याची खरोखर गरज तरी आहे का, हा प्रश्न त्याला सोडेना.

तळ्याकाठची दोन वर्षे

वॉल्डन तळे गावापासून दीड मैलावर आहे. त्याच्या काठी एमर्सन यांच्या मालकीची थोडी जागा होती. तिथे थोरोने स्वतःच्या हाताने झोपडी बांधली. लांबी पंधरा फूट, रुंदी दहा फूट. फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची जुनी खोपटी सव्वाचार डॉलरला विकत घेतली. एकूण खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. हा आकडा त्याने खिळे, चुना, विटा अशा बाबवार यादीसह पुस्तकात छापला आहे. आत एक खाट, एक मेज, एक लिहिण्याचे डेस्क आणि तीन खुर्च्या. ४ जुलै १८४५ या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी तो तिथे राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे दोन महिने तिथे राहिला.

अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवड्याचे पीक घेतले. वर्षअखेर शेतीचा नफा नऊ डॉलरसुद्धा भरला नाही. जेवणाचा खर्च आठवड्याला सुमारे २७ सेंट. या सगळ्या जमाखर्चातून त्याने एक निष्कर्ष काढला. वर्षातले साधारण सहा आठवडे अंगमेहनत केली तर एका माणसाचे भागते. उरलेला वेळ त्याचा स्वतःचा. वस्तूची खरी किंमत पैशांत मोजायची नसते, ती मिळवण्यासाठी आयुष्याचे किती दिवस द्यावे लागले यात मोजायची असते, हे त्याच्या विचाराचे सार आहे. मोठे घर, नवे कपडे, वेगवान प्रवास या प्रत्येक गोष्टीपुढे तो हाच प्रश्न ठेवतो.

उरलेल्या वेळात त्याने काय केले? भावासोबतच्या प्रवासाचे पुस्तक लिहून काढले. पक्षी, मुंग्या, बर्फ यांच्या नोंदी ठेवल्या. वॉल्डन तळ्याला तळच नाही, अशी गावात जुनी समजूत होती. थोरोने गोठलेल्या तळ्यावर भोके पाडून, दोरीला दगड बांधून ठिकठिकाणी खोली मोजली. सर्वांत खोल जागा भरली १०२ फूट. तळ्याच्या सौंदर्यावर पानेच्या पाने लिहिणारा माणूस त्याची खोली मोजल्याशिवाय राहत नाही, यात थोरोचा सगळा स्वभाव आला. अध्यात्म आणि मोजमाप यांचे वैर आहे, असे त्याला कधीच वाटले नाही.

सकाळी तो भगवद्गीता वाचत असे. चार्ल्स विल्किन्स यांनी केलेले गीतेचे इंग्रजी भाषांतर त्याला एमर्सन यांच्यामुळे मिळाले होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून विकण्यासाठी मजुरांची मोठी टोळी आली. त्या काळी बॉस्टनचे व्यापारी जहाजातून कोलकाता, मुंबई आणि मद्रासपर्यंत बर्फ पाठवत. वॉल्डनचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळते आहे, अशी कल्पना थोरोने यावरून केली. गंमत म्हणजे वॉल्डनचा तो बर्फाचा ढीग बहुतांश तिथेच पडून राहिला आणि वितळून पुन्हा तळ्यात गेला. ही नोंदही त्यानेच ठेवली आहे.

आईच्या हातचे जेवण

थोरोवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. झोपडीत राहून साधेपणाचे धडे देणारा हा माणूस दर एक-दोन दिवसांनी गावात जाई, आईच्या हातचे जेवी आणि त्याचे कपडेही बाहेर धुतले जात. आक्षेप खरा आहे. त्याने स्वतःही हे लपवलेले नाही. त्याच्याकडे सतत पाहुणे येत आणि तोही गावच्या गप्पांत रमत असे. जगापासून तुटण्याची प्रतिज्ञा त्याने केलेलीच नव्हती.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. एकदा पावसात अडकलेल्या थोरोने एका गरीब आयरिश कुटुंबाच्या घरी आसरा घेतला. तिथे त्याने घरधन्याला उपदेश केला की चहा, कॉफी, लोणी, मांस सोडून दे, म्हणजे त्यांच्यासाठी एवढे राबावे लागणार नाही. मांडीवर लेकरू आणि पदरी बायको असलेल्या त्या माणसाला हे काय पटणार? थोरो अविवाहित होता, त्याच्यावर कुणाचे पोट अवलंबून नव्हते. आई आणि बहिणींनी त्याला आयुष्यभर सांभाळून घेतले. संसारी माणसाच्या अडचणी त्याला पुरत्या कळल्या नाहीत, हे मान्य करायला हवे. आपल्यासारख्या मुलाबाळांच्या घरांत त्याचा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण हिशेब करून पाहण्याची त्याची रीत आपल्यालाही लागू पडते.

एका रात्रीचा तुरुंग

हा साधेपणा कशासाठी, याचे उत्तर १८४६ च्या जुलैत मिळाले. चपला दुरुस्त करून आणायला थोरो गावात गेला असता करवसुली अधिकाऱ्याने त्याला थकलेल्या डोईपट्टीबद्दल अडवले. कित्येक वर्षे त्याने ही पट्टी भरली नव्हती. गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या आणि मेक्सिकोवर लढाई लादणाऱ्या सरकारला आपला पैसा द्यायचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. रक्कम किरकोळ होती. अधिकारी ओळखीचा होता, त्याने स्वतः पैसे भरण्याची तयारी दाखवली, पण थोरोने नकार दिला आणि रात्र तुरुंगात काढली. त्याच रात्री कुणीतरी, बहुधा त्याच्या आत्या-मावशांपैकी कुणी, पट्टी भरून टाकली. सकाळी सुटका झाल्यावर तो रागावलाच. मग दुरुस्त झालेल्या चपला घेऊन मंडळींबरोबर रानात बेरी तोडायला निघून गेला.

या एका रात्रीतून एक व्याख्यान जन्मले आणि १८४९ मध्ये ते निबंधरूपाने छापले गेले. सरकार अन्याय करत असेल तर सदसद्विवेक असलेल्या माणसाने त्यात भागीदार होऊ नये आणि त्याची शिक्षा आनंदाने भोगावी, असा त्याचा आशय आहे. तेव्हा त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९०७ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मधून या निबंधाचा परिचय आपल्या वाचकांना करून दिला. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनाही त्यातून बळ मिळाले.

झोपडी आणि तुरुंग या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे इथे लक्षात येते. ज्याच्यावर कर्ज नाही, ज्याला बढती नको, ज्याचे चार पैशांत भागते, त्याला घाबरवायचे कशाने? गरजा वाढल्या की माणूस मिंधा होतो आणि मिंधा माणूस अन्याय दिसत असूनही गप्प बसतो. थोरोच्या दृष्टीने आधुनिक जीवनाचा रितेपणा तो हाच होता. वस्तूंनी घर भरले आणि नाही म्हणण्याची ताकद गेली.

न खपलेली पुस्तके

भावाच्या आठवणीतून लिहिलेले पहिले पुस्तक १८४९ मध्ये निघाले. एक हजार प्रती छापल्या होत्या. चार वर्षांनी प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती परत पाठवल्या. थोरोने त्या पाठीवरून वाहून माळ्यावर नेऊन रचल्या. छपाईचे कर्ज त्याने पेन्सिली आणि जमीनमोजणीच्या कमाईतून फेडले. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आले. त्याच्या दोन हजार प्रती संपायला काही वर्षे लागली. हयातीत त्याची एवढी दोनच पुस्तके निघाली. रोजनिशी मात्र तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. ती सुमारे वीस लाख शब्दांची भरली.

१८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत देण्याचा कायदा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी थोरोने अशा एका माणसाला घरी ठेवून घेतले आणि तिकीट काढून कॅनडाच्या वाटेला लावले. १८५९ मध्ये जॉन ब्राउन याने गुलामांच्या मुक्तीसाठी सशस्त्र उठाव केला. तो फसला, आणि त्याचे समर्थकही बोलायला कचरू लागले. वेळ योग्य नाही, असे लोकांनी बजावूनही थोरोने गावात सभा घेतली आणि त्याची जाहीर बाजू मांडली. शस्त्राची बाजू घेण्याबद्दल मतभेद असू शकतात. पण सगळे गप्प असताना तो बोलला.

१८५५ साली एका इंग्रज मित्राने त्याला भारतीय ग्रंथांचे ४४ खंड भेट पाठवले. थोरोने नदीतून वाहून आलेल्या फळ्यांचे कपाट करून त्यात ते ठेवले. भारतात तो कधी आला नाही, पण आपल्या गावातल्या नदीचे लाकूड आणि गीता-उपनिषदांचा देश त्याने त्या कपाटात एकत्र आणले.

१८६० च्या डिसेंबरात झाडांच्या बुंध्यांची वलये मोजत थंडीत फिरताना त्याला सर्दी झाली आणि घराण्यातला क्षयरोग बळावला. अखेरचे महिने तो बहीण सोफियाच्या मदतीने लेख तपासत राहिला. ६ मे १८६२ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी घरच्या माणसांत त्याने शांतपणे देह ठेवला. त्याचे पुढचे लेखन जगापुढे आणण्यात सोफियाचा मोठा हात आहे.

इंदूरच्या लेकीचा वारसा

आता पुन्हा दुर्गाबाईंकडे येऊ. १९७५ साली देशात आणीबाणी होती. त्या वर्षी कराडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. सत्ताधारी पक्षाचे मोठे नेते समोर असताना त्यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली, तुरुंगवास घडला. पुस्तके, अभ्यास आणि साधे स्वयंपाकघर यांत रमणाऱ्या या बाईंकडून काढून घेण्यासारखे सरकारपाशी काहीच नव्हते. थोरो त्यांनी केवळ भाषांतरित केला नव्हता, तो त्यांच्या अंगी भिनला होता.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी झोपडी बांधायला जाणार नाही आणि तशी गरजही नाही. हप्ते, शिकवण्या, लग्नकार्ये सगळ्यांनाच आहेत. पण महिन्याचा जमाखर्च मांडताना एक रकाना वाढवता येईल: या वस्तूसाठी घरातल्या कमावत्या माणसाचे किती दिवस गेले, आणि ते दिवस त्याला आणखी कशासाठी हवे होते? हा प्रश्न मुलांसमोर मोकळेपणाने विचारला तरी पुष्कळ झाले. आणि पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात की दुर्गाबाईंचे ते मागे राहिलेले पुस्तक आवर्जून मागून घ्या.